क्ष लाख अधिक य लाख

गुंतवणुकीच्या हिशेबात ठाऊक नसलेल्या रकमा दोन असतील, तर त्या शोधायला दोन स्वतंत्र अटी लागतात. तीन असतील तर तीन. प्रत्येक अट म्हणजे एक रेषीय समीकरण, आणि सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी उत्तरे काढणे म्हणजे एकसामयिक समीकरणे सोडवणे. पहिली अट बहुधा एकूण रकमेची असते, दुसरी एकूण व्याजाची. शालेय उदाहरणातला माणूस काही पैसे एका दराने आणि उरलेले दुसऱ्या दराने ठेवतो. कुठे किती ठेवले हे त्याला स्वतःला का ठाऊक नाही, याचा खुलासा पुस्तक कधी करत नाही. प्रत्यक्षात असा माणूस दुर्मीळ नाही. निवृत्तीचा पैसा दोन-तीन ठिकाणी ठेवलेला, पासबुके कपाटात आणि कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात, असा ठेवीदार बहुतेक सोसायट्यांत एक तरी सापडतो. पुढील संवादात तो आहे, शेजारच्या गणिताच्या बाई आहेत, आतला आवाज आहे, आणि ठेवीदार जिथे असेल तिथे पोहोचतोच असा एजंट आहे.

ठेवीदार : बाई, वीस लाख मिळाले होते. काही पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले, उरलेले मासिक प्राप्तीत. कुठे किती ते आता आठवत नाही.

बाई : एकूण वीस, हे तरी नक्की?

ठेवीदार : नक्की. तो आकडा हिलाही माहीत आहे.

बाई : मग एक समीकरण मिळालं. ज्येष्ठ नागरिक योजनेत क्ष लाख, मासिक प्राप्तीत य लाख. क्ष + य = २०.

ठेवीदार : झालं की! सांगा उत्तर.

बाई : दहा आणि दहा.

ठेवीदार : वा!

बाई : किंवा अठरा आणि दोन. किंवा साडेसात आणि साडेबारा.

ठेवीदार : बाई, तुम्ही गणित शिकवता की भविष्य सांगता?

एका समीकरणात दोन चले असली की उत्तरे अनंत असतात. आलेखावर ती सगळी एका सरळ रेषेत बसतात, आणि त्यातले कोणते उत्तर खरे, हे रेषा सांगत नाही. त्यासाठी दुसरी रेषा लागते. ती पहिलीला जिथे छेदेल तो बिंदू म्हणजे उत्तर. गुंतवणुकीत ही दुसरी रेषा व्याजावरून मिळते. एप्रिल २०२३ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के झाला आणि मासिक प्राप्ती योजनेचा ७.४ टक्के. दोन्हींचे व्याज हातात मिळते, मुद्दलात मिसळत नाही. पहिल्या योजनेत ते दर तिमाहीला येते, दुसरीत दरमहा. म्हणजे एका लाखावर वर्षाला एकीकडे ८.२ हजार आणि दुसरीकडे ७.४ हजार. रकमा लाखांत आणि व्याज हजारांत लिहिले की टक्क्यांचे शंभर आपोआप निघून जातात. अशी उदाहरणे बीजगणितात क्वचित चुकतात. ती चुकतात शून्यांत.

बाई : वर्षाचं व्याज किती येतं?

ठेवीदार : असेल दीड लाख.

बाई : असेल म्हणजे?

ठेवीदार : म्हणजे दीड लाखच. मी कशाला खोटं सांगू?

बाई : बघू. ८.२ क्ष + ७.४ य = १५०. पहिल्या समीकरणाला ७.४ ने गुणलं, ७.४ क्ष + ७.४ य = १४८. वजा केलं, ०.८ क्ष = २. क्ष अडीच आला. म्हणजे मासिक प्राप्तीत साडेसतरा लाख.

ठेवीदार : बघा, निघालं ना!

बाई : काका, मासिक प्राप्तीत एका नावावर नऊ लाखांवर घेत नाहीत. संयुक्त खात्यात पंधरा.

ठेवीदार : मग पोस्टाने चूक केली असेल.

आतला आवाज : एक लाख अठ्ठावन्न हजार चारशे. दर वेळी मी वहीत लिहिते.

ठेवीदार : तेच म्हणत होतो मी. दीड लाखाच्या आसपास.

उत्तर निघाले म्हणजे हिशेब संपला, असे इथे होत नाही. अडीच आणि साडेसतरा ही जोडी दोन्ही समीकरणांत चोख बसते, पण योजनेच्या मर्यादेत बसत नाही. बीजगणिताला नऊ लाखांची मर्यादा ठाऊक नसते, म्हणून उत्तर पुन्हा व्यवहारात नेऊन तपासावे लागते. वहीतला आकडा हाती आल्यावर ठेवीदाराने कागद स्वतःकडे ओढला आणि समीकरण न मांडता हिशेब केला.

ठेवीदार : समजा, वीसच्या वीस लाख मासिक प्राप्तीत आहेत. व्याज एक लाख अठ्ठेचाळीस हजार. आलंय त्यापेक्षा दहा हजार चारशे जास्त. हे जास्तीचे कुठून आले? जो लाख दुसरीकडे आहे तो आठशे जास्त देतो. दहा हजार चारशेला आठशेने भागा. तेरा! ज्येष्ठ नागरिक योजनेत तेरा लाख, मासिक प्राप्तीत सात.

बाई : बरोबर. तुम्ही य चा लोप केलात.

ठेवीदार : मी कुणाचा लोप केला नाही हो. मी हिशेब केला.

ताळा : तेरा लाखांवर ८.२ टक्क्यांनी १,०६,६०० आणि सात लाखांवर ७.४ टक्क्यांनी ५१,८००, बेरीज १,५८,४००. सगळी रक्कम एकाच दराने ठेवली असे धरून मग फरक वाटण्याची ठेवीदाराची रीत आणि शाळेतली लोप पद्धत या एकच आहेत. वजाबाकी तीच आणि भागाकारही तोच.

दहावीला शिकवली जाणारी क्रेमरची पद्धत याच उत्तराला निश्चयकांच्या वाटेने पोहोचते. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने ती १७५० साली मांडली. दोन समीकरणांचे सहगुणक चौकटीत मांडून त्यांचा तिरका गुणाकार केला की १ × ७.४ − १ × ८.२, म्हणजे −०.८ येतात. क्ष साठी तशीच चौकट −१०.४ देते आणि भागाकार १३. इथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे हा −०.८ दोन दरांमधला फरकच आहे. फरक जितका लहान, तितके उत्तर नाजूक. ठेवीदाराने १,५८,४०० ऐवजी ‘एक लाख साठ’ असे सुटसुटीत सांगितले असते, तर क्ष तेरावरून पंधरावर गेला असता. सोळाशे रुपयांच्या गोलाईने दोन लाख इकडचे तिकडे झाले असते. दर ७.५ आणि ७.४ असे जवळजवळ असते, तर व्याजातली शंभर रुपयांची चूक मुद्दलात एक लाखाची होते. व्याजाचा आकडा अंदाजाने सांगणाऱ्या ठेवीदारासमोर म्हणूनच बाईंनी पेन खाली ठेवले होते.

आणि दोन दर सारखेच असले तर?

ठेवीदार : आता बँकांचं बघा. दोन बँका, दोन्हीकडे सात टक्के, मिळून दहा लाख. व्याज सत्तर हजार. एकूण रक्कम दिली, व्याज दिलं. दोन अटी पुऱ्या.

बाई : क्ष + य = १०. ७ क्ष + ७ य = ७०. दुसऱ्याला सातने भागा.

ठेवीदार : क्ष + य = १०. हे तर पहिलंच!

बाई : हो. बातमी एकच, तुम्ही ती दोनदा सांगितलीत.

ठेवीदार : आमच्याकडे टीव्हीवर दिवसभर तेच चालतं.

आतला आवाज : अहो, आयकराच्या विवरणात दोन्ही बँकांचं मिळून व्याज साडेत्र्याहत्तर हजार दिसतंय.

ठेवीदार : शक्य नाही.

बाई : क्ष + य दहा असेल आणि दोन्हीकडे सात टक्केच असतील, तर खरंच शक्य नाही. ७ क्ष + ७ य एकाच वेळी सत्तर आणि साडेत्र्याहत्तर होऊ शकत नाही. या दोन समीकरणांना उत्तर नाही.

ठेवीदार : ऐकलंस? गणितसुद्धा म्हणतंय, उत्तर नाही.

बाई : गणित एवढंच म्हणतंय की तुम्ही सांगितलेल्यातलं काहीतरी खरं नाही. साडेतीन हजार जास्त आहेत. सात टक्क्यांनी साडेतीन हजार म्हणजे मुद्दल पन्नास हजार.

(आत भांडे आपटल्याचा आवाज.)

आतला आवाज : कुठले पन्नास हजार?

दर सारखे असले की निश्चयक शून्य होतो, आणि मग दोनच शक्यता उरतात. एक तर दोन्ही समीकरणे एकच असतात, आलेखावर एक रेषा दुसरीवर तंतोतंत पडते आणि उत्तरे अनंत राहतात. नाहीतर रेषा समांतर असतात, कुठेच छेदत नाहीत आणि उत्तर नसते. दुसऱ्या प्रकाराला विद्यार्थी अपयश समजतात. हिशेब तपासणाऱ्याच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत जास्त माहिती त्यातूनच मिळते. सांगितलेल्या गोष्टी एकत्र टिकत नाहीत, एवढे तो ठामपणे सांगतो. कोणती गोष्ट खोटी, ते चौकशीने ठरते. वरच्या उदाहरणात ती चौकशी स्वयंपाकघरात बराच वेळ चालली. ती मिटण्याआधीच दारावरची बेल वाजली.

एजंट : नमस्कार काका, नमस्कार काकू. वेळ बरोबर आहे ना?

ठेवीदार : इतकी बरोबर कधीच नव्हती. या, बसा.

एजंट : आपल्याकडे दोन योजना आहेत. एक सुरक्षित, सहा टक्के. दुसरी जरा वाढीची, नऊ टक्के. तुमचे दहा लाख आम्ही दोन्हींत व्यवस्थित विभागून टाकतो. वर्षाला हमखास शहाण्णव हजार.

बाई : विभागणी कशी करता?

एजंट : ते आमचं सॉफ्टवेअर ठरवतं, मॅडम.

बाई : सॉफ्टवेअरला त्रास नको. क्ष + य = १०, ६ क्ष + ९ य = ९६. पहिल्याला सहाने गुणून वजा करा. ३ य = ३६. य बारा.

एजंट : बघा, वाढीच्या योजनेत बारा लाख!

ठेवीदार : दहातले बारा?

बाई : आणि क्ष उणे दोन. सुरक्षित योजनेत उणे दोन लाख ठेवायचे.

ठेवीदार : उणे दोन लाख कसे ठेवतात?

बाई : ठेवत नाहीत, घेतात. दोन लाख सहा टक्क्यांनी कर्जाऊ आणायचे आणि बाराच्या बारा लाख नऊ टक्क्यांच्या योजनेत टाकायचे. मग शहाण्णव हजार होतात.

ठेवीदार : सहा टक्क्यांनी कर्ज कोण देतं?

एजंट : त्याची चौकशी करून सांगतो.

ऋण उत्तर बीजगणिताला मान्य असते आणि त्याला अर्थही असतो : तितके कर्ज. पण एजंटाचे विधान समीकरण न मांडताही तपासता येते. सहा आणि नऊ टक्क्यांत पैसे कसेही वाटले, तरी एकूण दर सहा आणि नऊ यांच्या मधेच पडतो, कारण तो दोन दरांची भारित सरासरी असतो. दहा लाखांवर शहाण्णव हजार म्हणजे ९.६ टक्के. नऊच्या वर गेलेला दर कोणत्याही वाटणीतून येत नाही. ‘विविध योजनांचे मिश्रण’ म्हणून दिला जाणारा दर त्या मिश्रणातल्या सगळ्यांत मोठ्या दरापेक्षा जास्त असेल, तर पुढची पाने वाचण्याची गरज नसते.

चले तीन झाली की मौज वाढते.

एजंट : काका, पुढच्या महिन्यात बारा लाख मोकळे होतायत ना?

ठेवीदार : हे तुम्हाला कसं कळलं? मलाच काल कळलं.

बाई : तीन बँका धरा. दर आठ, सात आणि सहा टक्के. रकमा क्ष, य, झ. एकूण बारा. व्याज किती हवं?

ठेवीदार : चौऱ्याऐंशी हजार पुरे. महिन्याला सात.

बाई : ८ क्ष + ७ य + ६ झ = ८४. पहिल्याला सातने गुणून यातून वजा करा. क्ष − झ = ०. आठ टक्क्यांत जेवढे, सहा टक्क्यांत तेवढेच. उरलेले मधल्या बँकेत.

ठेवीदार : जेवढे म्हणजे किती?

बाई : ते अजून ठरत नाही. चले तीन, समीकरणं दोन. तिसरी अट हवी.

आतला आवाज : सहा टक्केवाली बँक कोपऱ्यावर आहे. अडीनडीला तिथे दोन लाख राहू देत.

बाई : झ = २. मग क्ष = २ आणि य = ८.

चले तीन आणि समीकरणे दोन असली की एक चल मोकळे राहते. ते किती ठेवायचे, हे व्याजावरून ठरत नाही. ते ठरते गरजेवरून, म्हणजे दवाखाना, लग्नकार्य किंवा कोपऱ्यावरची बँक यांवरून. पण इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँक ठेवींवरचे विमा संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मधल्या बँकेतले आठ लाख त्याच्या बाहेर जातात.

आतला आवाज : मग दोनच असं नाही. निदान दोन.

बाई : आता ती बरोबरी राहिली नाही, असमानता झाली. झ दोनपेक्षा कमी नको. कुठेही साडेचारपेक्षा जास्त नको, म्हणजे वर्षाचं व्याज धरूनही पाचाच्या आत. मधल्या बँकेत साडेचारच ठेवले, तर क्ष आणि झ पावणेचार-पावणेचार. तिथपासून साडेचारपर्यंत काहीही चालेल.

ठेवीदार : चार-चार-चार?

बाई : बत्तीस, अठ्ठावीस आणि चोवीस. चौऱ्याऐंशी. चालतंय.

ठेवीदार : सारखे तीन वाटे घाला, असं मी सकाळीच म्हणत होतो!

आतला आवाज : सकाळी तुम्ही झोपला होतात.

अटी ‘इतकेच’ वरून ‘निदान इतके’ किंवा ‘जास्तीत जास्त इतके’ अशा झाल्या की समीकरणांचा प्रांत संपतो आणि रेषीय नियोजनाचा सुरू होतो. त्यासाठी जॉर्ज डँटझिगने १९४७ साली सिम्प्लेक्स ही पद्धत तयार केली. तीन बँका आणि एक ठेवीदार यांना ती लागत नाही. कागदाची मागची बाजू पुरते.

एक शंका या टप्प्यावर हमखास निघते.

ठेवीदार : हे सगळं सरळव्याजाचं झालं. चक्रवाढ असेल तर रेषा वाकडी होईल ना?

बाई : दर आणि मुदत माहीत असेल, तर नाही होणार. आठ टक्के, वर्षातून एकदा चक्रवाढ, पाच वर्षं : रुपयाचे सुमारे १.४६९ होतात. क्ष लाखांचे १.४६९ क्ष. समीकरण रेषीयच राहिलं, फक्त गुणणारा आकडा बदलला.

ठेवीदार : आणि दरच माहीत नसेल तर?

बाई : मग ते रेषीय नाही. दर स्वतःशीच पाच वेळा गुणला जातो.

एजंट : आमच्या वाढीच्या योजनेत दर आधी सांगताच येत नाही, मॅडम.

बाई : मघाशी तुम्ही हमखास म्हणालात.

बाजाराशी जोडलेल्या गुंतवणुकीला या पद्धतीची मर्यादा इथे पडते. म्युच्युअल फंडाचा गेल्या वर्षीचा परतावा समीकरणात घालून पैसे कुठे किती होते, हे शोधता येते. पुढच्या वर्षीचा दर मात्र गृहीतच धरावा लागतो, आणि उत्तराची किंमत त्या गृहीताइतकीच असते.

गुंतवणुकीची अशी उदाहरणे काही आधुनिक शाळांनी शोधलेली नाहीत. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त असेच एक आहे. चौऱ्याण्णव निष्क तीन भागांत व्याजाने दिले. दर शेकडा दरमहा पाच, तीन आणि चार. मुदत अनुक्रमे सात, दहा आणि पाच महिने. तिन्ही भागांवर व्याज सारखेच आले, तर भाग किती?

एजंट : दरमहा पाच टक्के! ही योजना कुठे मिळते?

बाई : अकराशे पन्नास साली.

ठेवीदार : आणि त्यांचं क्ष कुठे आहे?

बाई : क्ष नव्हतं. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अव्यक्तांना यावत्तावत् आणि मग रंगांची नावं आहेत. कालक, नीलक, पीतक.

एजंट : कालक म्हणजे काळ्यातले?

बाई : नाही. त्यांनी सगळं लिहून ठेवलंय.

या उदाहरणात समीकरणे तीन बनतात : भागांची बेरीज ९४, पहिल्या आणि दुसऱ्या भागाचे व्याज सारखे, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचे व्याज सारखे. सोडवायला सोपा मार्ग असा. सात महिन्यांचे पाच म्हणजे शेकडा ३५, दहा महिन्यांचे तीन म्हणजे ३०, पाच महिन्यांचे चार म्हणजे २०. व्याज सारखे यायचे तर जिथे दर मोठा तिथे मुद्दल लहान, म्हणून भाग १/३५, १/३० आणि १/२० या प्रमाणात असतात. प्रत्येकाला ४२० ने गुणले की १२, १४ आणि २१ मिळतात. त्यांची बेरीज ४७, आणि चौऱ्याण्णव त्याच्या दुप्पट. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तो १२०७ चा. ठेवीदाराने उत्तराचे तीन आकडे त्याच कागदाच्या मागे लिहिले, २४, २८ आणि ४२, आणि कागद वहीत ठेवण्यासाठी आत दिला. ताळा पाहायचा असेल त्या वाचकाने २४ चे ३५ टक्के, २८ चे ३० टक्के आणि ४२ चे २० टक्के काढावेत. तिन्ही ठिकाणी ८.४ निष्क येतात.